रयतेचा पैसा आणि शाळेचे अर्धे दार

(लेखक : एक शाळामास्तर, शेंद्रा, जि. छत्रपती संभाजीनगर)

शाळा कोणाच्या पैशाने चालते, आणि त्या शाळेच्या दारात कोणास उभे करीत नाहीत, हे दोन प्रश्न आपल्या लोकांनी पहिल्यापासून एकत्र विचारले आहेत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या मुलांस होतो, हा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता. आज सारा भरणाऱ्या कुणब्याच्या जोडीला दुसरा कर भरणारा आला आहे. आमच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापुढे उभा राहणारा कंत्राटी कामगार साबणाची वडी घेतो, तेव्हाही तो सरकारास कर देतो. त्याच्या त्या पैशातून राज्यातील अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार निघतात. त्या शाळांत मिशनच्या शाळा आहेत, अंजुमनच्या आहेत, मठांच्या आहेत, आणखीही अनेक पंथांच्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच की, अशा शाळेने त्या कामगाराच्या मुलास, केवळ त्याची चालचलणूक इतर मुलांसारखी पुरुषी नाही म्हणून, बाहेर काढावे काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या हाताखाली एक मुलगा चौथीपासून सातवीपर्यंत शिकला. अक्षर मोत्यासारखे, पाढे तोंडपाठ, गळा गोड. शाळेच्या संमेलनात त्याने गवळणीचे सोंग घेतले तेव्हा सारा गाव टाळ्या वाजवीत होता. बाप वसाहतीत ठेकेदाराकडे कामास, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस. पुढे तो शहरातील एका धर्मसंस्थेच्या अनुदानित शाळेत गेला. ती संस्था कोणत्या धर्माची, हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले की अर्धे वाचक त्या धर्मास दोष देऊन मोकळे होतील, आणि उरलेले अर्धे त्याची वकिली करू लागतील. मुलगा मात्र दोघांच्याही ध्यानातून जाईल.

नववीत त्याचे हाल सुरू झाले. मुले त्यास चालण्यावरून, बोलण्यावरून नावे ठेवीत. मुताऱ्यांत त्यास अडवीत. म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नसे. एके दिवशी त्याने वर्गशिक्षकास सांगितले. त्यावर छळणाऱ्या मुलांस कोणी बोलावले नाही. याच्या बापास बोलावले. बापाने कामावर खाडा केला आणि शाळेत गेला. त्यास सांगण्यात आले की, आमच्या संस्थेत धर्माचे संस्कार होतात, येथे असले चालत नाही, तुम्ही दाखला काढून न्यावा. एक तयार अर्ज पुढे ठेवला, त्यावर बापाने सही केली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले, 'पालकांच्या विनंतीवरून.'

वाचकहो, या दोन शब्दांत साऱ्या व्यवहाराची मेख आहे. कागदावर कोणी कोणास काढले नाही. उद्या शिक्षणाधिकारी दप्तर तपासावयास आले, तरी त्यांस तेथे अन्याय सापडावयाचा नाही. मुलाची आई दाखला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, लेकरू चोरी करून आलं असतं तर म्या समजले असते. ह्यानं केलं तरी काय?" मला उत्तर देता आले नाही. तो मुलगा आता जालना रस्त्यावरील एका ढाब्यावर काम करितो, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीस बाहेरून बसण्याची तयारी करितो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेवर, मुलांत भेदभाव करू नये, अशी अट घालण्याचा सरकारास अधिकार आहे काय? पुष्कळांस वाटते की ही अट म्हणजे परदेशातून आलेले नवे खूळ आहे. ते चूक आहे. ही अट आपल्याच मुलखात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी प्रथम बोलली गेली, आणि ती एका महार मुलाच्या निमित्ताने.

१८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने तेव्हा कच खाल्ली. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील, असा पोक्त विचार त्यांनी केला. प्रकरण कलकत्त्यास आणि तेथून विलायतेस गेले. अखेरीस १८५८ च्या सुमारास मुंबई सरकारला आपले धोरण शब्दांत मांडावे लागले. त्यात दोन गोष्टी होत्या. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस खुल्या राहतील, ही पहिली. आणि जी शाळा अंशतः सरकारी मदत घेते, तिने जातीवरून वा वंशावरून कोणास विद्या नाकारली, तर तिची मदत बंद करण्याचा पूर्ण अधिकार सरकार आपल्या हाती राखून ठेवीत आहे, ही दुसरी. हा सारा इतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात मांडला आहे. त्या अधिकाराचा वापर पुढे कितपत झाला, हे अस्पृश्य मुलांच्या ओसरीवर बसण्याच्या इतिहासावरून दिसतेच. परंतु तत्त्व त्या दिवशी ठरले. ज्याने रयतेचा पैसा घेतला, त्याने रयतेच्या कोणत्याही मुलास दार लावू नये.

पुढे हेच तत्त्व आपल्या लोकांनी हाती धरले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ च्या आरंभी हुकूम काढून, करवीर दरबाराकडून पैसा, इमारत वा मैदान घेणाऱ्या खाजगी शिक्षणसंस्थांनाही अस्पृश्य मुलांस ममतेने वागविण्याची ताकीद दिली. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला, त्यात सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळाही होत्या. महाडचे तळे त्या ठरावाच्या आधारावर उघडावयास निघाले, हे सर्वांस ठाऊक आहे. शाळांचा उल्लेख मात्र आपण विसरतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. धर्माच्या किंवा जातीच्या नावाने चाललेल्या संस्थांस सरकारी पैसा देऊच नये, असे आपल्या चळवळीचे मत कधी नव्हते. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. ती निघाली नसती तर खेड्यातील कितीतरी मुले शहरात राहून शिकू शकली नसती. जोतीरावांच्या मुलींच्या शाळांस तर दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांची मदत मिळत असे. एकेकाळी ज्या पैशाने पेशवाईत ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई, त्या पैशाची एक धार मुलींच्या शाळेकडे वळली, याहून चांगला उपयोग कोणता? तेव्हा आमचे भांडण धर्मसंस्थेने शाळा काढण्याशी नाही, आणि तिने मदत घेण्याशीही नाही. भांडण आहे ते घेताना 'आम्ही सर्वांचे' म्हणावयाचे आणि दार उघडताना 'आम्ही आमच्यांचे' म्हणावयाचे, या दुटप्पीपणाशी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की, केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. आणि मदत घेणाऱ्या वा मान्यता असलेल्या शाळेत मुलाच्या, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्यास धर्मशिक्षणास वा प्रार्थनेस बसविता येणार नाही. एकोणतिसाव्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारू नये. तिसावे कलम अल्पसंख्याकांस आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क देते, आणि मदत देताना सरकारने अशा संस्थांस डावलू नये, असेही बजाविते.

सरकारी मदत व धर्मसंस्थेची शाळा यांचा पहिला मोठा खटला आपल्याच नाशिक जिल्ह्यातला आहे. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलात इंग्रजी माध्यम होते. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने फर्मान काढले की, अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्याखेरीज इतर मुलांस इंग्रजी शाळांत घेऊ नये. त्या शाळेने व मुलांच्या पालकांनी कोर्टात धाव घेतली, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते फर्मान रद्द केले. एकोणतिसाव्या कलमातील हक्क एकेका नागरिकाचा आहे, तो संख्येवर अवलंबून नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. पुढे १९५८ साली केरळच्या शिक्षणविधेयकावर मत देताना त्याच कोर्टाने सांगितले की, संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही.

परंतु एकोणतिसाव्या कलमातील शब्द वाचकांनी पुन्हा एकदा नीट मोजावेत. धर्म, वंश, जात, भाषा. यात 'लिंग' हा शब्द नाही. पंधराव्या कलमात तो आहे, येथे नाही. माझ्या त्या विद्यार्थ्यास बाहेर काढणाऱ्या संस्थेने त्याचा धर्म विचारला नाही, जात विचारली नाही. तिने त्याचे चालणे पाहिले. म्हणजे ज्या कलमाने दाराला अडसर घालू नका म्हणून सांगितले, त्यातच एक फट राहिली आणि मूल त्या फटीतून बाहेर पडले.

ही फट बुजविण्याचे काम अलीकडे थोडेबहुत झाले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांस त्यांची ओळख मान्य करणारा निकाल दिला आणि लिंगावरून भेदभाव या शब्दांत त्यांच्याविरुद्धचा भेदभावही येतो, असे ठरविले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच कोर्टाने ३७७ व्या कलमातून प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांस गुन्ह्याच्या यादीतून काढले. पुढे २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचे तेरावे कलम आपल्या विषयाचे आहे. सरकारकडून पैसा वा मान्यता घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने तृतीयपंथी विद्यार्थ्यांस इतरांच्या बरोबरीने, भेदभाव न करता शिक्षण, खेळ व करमणूक यांची संधी द्यावी, असे ते सांगते. अकरावे कलम प्रत्येक संस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावयास सांगते. धारवाडच्या त्या मुलाच्या वेळी जे तत्त्व ठरले, तेच येथे नव्या मुलासाठी लिहिले गेले.

तथापि दोन मोठ्या उणिवा राहिल्या. एक अशी की, हा कायदा तृतीयपंथीयांपुरता आहे. जो मुलगा केवळ मुलगा आहे पण त्याचे मन मुलाकडे ओढ घेते, किंवा जी मुलगी तशीच आहे, त्यांचे नाव त्या कलमात नाही. दुसरी अशी की, वर्गात रोज होणारा छळ सिद्ध करणे गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलास मारणे व मानसिक त्रास देणे यांस मनाई आहे. परंतु २०१२ सालच्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या, आणि ६ मे २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा, मदत घेणाऱ्या व न घेणाऱ्या, त्या कायद्यातून वगळल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. कायद्याचा कीस पंडित काढोत. मास्तरास एवढेच कळते की, छडीचा वळ उठताना मुलाच्या पाठीस शाळेचा धर्म कळत नाही.

आणि पैसा तर सर्व बाजूंनी जातो. महाराष्ट्र सरकारची डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासूनची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील डी. एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० व बी. एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याखालील उज्जैनचे सांदीपनी वेदविद्या प्रतिष्ठान वेदपाठशाळांस मदत करिते. गणित, विज्ञान, मराठी शिकवावयास मास्तर मिळत असेल, तर मदरशास पैसा जरूर मिळावा. परंतु घेणारा हात कोणत्याही धर्माचा असो, देणारा हात रयतेचा आहे, एवढे भान सुटता कामा नये.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, हे पाश्चात्त्य खूळ आहे. ज्यांनी आपला मुलूख पाहिला आहे, त्यांनी तरी असे म्हणू नये. यल्लम्माचे जोगते कोणी विलायतेहून आणले काय? लग्नात व बारशात तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घ्यावयाचा, आणि त्यांच्यासारखे मूल बाकावर बसले की नाक मुरडावयाचे, ही कोणती रीत? उलट खरे परदेशी जर काही असेल तर तो द्वेषाचा कायदा. ३७७ वे कलम १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या एका भागात जमातींवर शिक्का मारला आणि दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेविली. त्याच कायद्याच्या पुढील आवृत्त्यांनी आपल्याकडील पारधी, कैकाडी बांधवांस जन्मतः चोर ठरविले. म्हणजे एकाच दौतीतील शाईने सरकारने दोघांच्या कपाळावर लिहिले होते. आपले कपाळ १९५२ साली पुसले गेले. दुसऱ्याचे अजून पुसावयाचे आहे, आणि आपण त्यास परके म्हणावे?

दुसरा आक्षेप धर्मस्वातंत्र्याचा. 'आमच्या धर्मास हे मान्य नाही. मग आमच्या शाळेत आम्ही ते का चालवून घ्यावे?' माझे उत्तर सरळ आहे. आपल्या मंदिरात, मशिदीत, चर्चमध्ये, मठात आपण काय शिकवावे, हे आपण ठरवावे. केवळ आपल्या देणगीदारांच्या पैशावर आपण कीर्तन करावे, प्रवचन करावे. कोणी कोणास आपली श्रद्धा बदलावयास सांगत नाही. मात्र पगारपत्रक सरकारकडे पाठविले, की ती शाळा श्रद्धेची उरली तरी पैशापुरती रयतेची झाली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे मी म्हणत नाही. टाळी वाजवू नका. पण ज्याची पोळी खाल्ली, त्याच्या लेकरास पंगतीतून उठवू नका. धर्मशास्त्राचा आधार घेऊनच एकेकाळी आपल्या मुलांस ओसरीवर बसविले होते. तेव्हा 'शास्त्र तुमचे, शाळा सर्वांची' असे आपण म्हणालो. आज दुसऱ्याच्या मुलाची पाळी आली म्हणून आपले शब्द आपण गिळावेत काय?

तिसरा आक्षेप अल्पसंख्याक बांधवांचा असतो, आणि त्यात तथ्य आहे. त्यांस भीती वाटते की, या अटीचे निमित्त करून सरकार केवळ त्यांच्याच शाळांची मदत तोडील. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मदतीचा चाबूक मंत्र्याच्या हाती दिला की काय होते, हे आपल्याच लोकांनी भोगले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेची सरकारी मदत १९४८ साली मुंबईच्या खेर सरकारने त्यांच्या एका भाषणावरून काही काळ बंद केली होती. ती पुढे सुरू झाली. ज्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवीत, त्यांचीच मदत बंद! म्हणून आमचे म्हणणे असे की, अट असावी, पण ती कायद्यात लिहिलेली असावी. मठास, मदरशास, मिशनास, पाठशाळेस आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसही एकाच शब्दांत लागू असावी. आणि चौकशीवाचून व संस्थेचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाचाही पैसा अडवू नये.

याच प्रश्नावर अमेरिकेत काय घडले, तेही वाचकांस ऐकण्यासारखे आहे. तिकडे मेन नावाचे एक संस्थान आहे. तेथे ज्या गावांत हायस्कूल नाही, तेथील मुलांची फी सरकार दुसऱ्या शाळेस देते, पण धर्मसंस्थांच्या शाळांस देत नसे. २०२२ च्या जून महिन्यात तेथील सुप्रीम कोर्टाने ठरविले की, इतर खाजगी शाळांस पैसा देता तर धर्माच्या शाळांसही दिला पाहिजे. परंतु त्या संस्थानाने आदल्याच वर्षी कायदा करून ठेविला होता की, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने समलिंगी वा तृतीयपंथी विद्यार्थ्यांशी भेदभाव करू नये. तेव्हा ज्यांच्यासाठी खटला लढला गेला, त्या शाळांनीच पैसा घेण्याचे टाळले, आणि पुढे त्या अटीविरुद्धही खटले गेले. त्या शाळांचे मत मला पटत नाही. पण अटीचा अर्थ त्यांस पुरता कळला होता, एवढे मानावे लागेल. आमच्याकडे अट कागदावर राहते, पैसा दर महिन्यास जातो, आणि दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले जाते.

चौथा आक्षेप माझ्याच धंद्यातील लोकांचा. ते म्हणतात, 'आम्हांस हे कोणी शिकविले नाही.' हे खरे आहे. आम्ही मराठी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्राचे पेपर दिले. पण असे मूल वर्गात आले तर काय करावे, याचे एक पानही आमच्या पुस्तकात नव्हते. २०२१ साली दिल्लीच्या एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांस शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यावर बालहक्क आयोगाकडून आक्षेप आला आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास हायकोर्टाने एका खटल्यात शाळा-कॉलेजांनी काय करावे, हे कलमवार सांगितले होते. म्हणजे कोर्ट सांगते, शिकवा; आणि शिकविणारे पुस्तक कपाटात जाते. आणि हा प्रश्न केवळ मुलांचा नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने, दोन खाजगी शाळांतून नोकरी गमवावी लागलेल्या एका तृतीयपंथी शिक्षिकेस नुकसानभरपाई देवविली. शाळा मास्तरासच ठेवून घेत नाही, तेथे मुलाची काय कथा!

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या खानेसुमारीत देशात ४,८७,८०३ माणसे स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' या सदरात नोंदली गेली. आपल्या राज्यात ४०,८९१. देशभरातील या सदरातील लोकांपैकी साक्षर शंभरात ५६. देशातील सर्व लोकांत मात्र ते प्रमाण सुमारे ७३ होते. ही माणसे आईच्या पोटातून निरक्षर आली नाहीत. त्यांतील पुष्कळांस कोठल्या तरी इयत्तेत कोणी तरी दाखला हाती दिला असला पाहिजे. मग हीच मंडळी सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागू लागली की आपण म्हणतो, 'यांस कष्ट नकोत.'

आता नुसती तक्रार करून भागत नाही. काय करावे तेही सांगितले पाहिजे. माझ्या सूचना साध्या आहेत.

पहिली, अनुदानाच्या हुकुमातच अट लिहावी की, धर्म, जात, भाषा यांच्याप्रमाणेच लिंग, लिंगओळख व मनाची ओढ यांवरून ही शाळा कोणत्याही मुलास प्रवेश नाकारणार नाही, काढणार नाही व छळू देणार नाही. संस्थेच्या अध्यक्षाने दर वर्षी त्याखाली सही करावी.

दुसरी, नववी-दहावीतील मुलाचा दाखला मधेच निघाला, तर गटशिक्षणाधिकाऱ्याने पालकास व मुलास वेगवेगळे भेटून कारण विचारावे. 'पालकांच्या विनंतीवरून' हे दोन शब्द तपासणीवाचून मान्य करू नयेत.

तिसरी, अट मोडली तर प्रथम संस्थेच्या हाती जाणारे वेतनेतर अनुदान अडवावे. शिक्षकाचा पगार व मुलांचे दुपारचे जेवण यांस हात लावू नये. संचालकांच्या अपराधासाठी शिपायाची चूल विझवू नये, आणि शाळाच बंद पाडून बाकीच्या मुलांस रस्त्यावर आणू नये.

चौथी, २०२२ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमावयास सांगितले. जिच्या अंगावर शेण फेकले गेले, त्या माउलीचे नाव ज्या समितीस आहे, तिने तरी या मुलांची तक्रार ऐकावी. त्यासाठी नवा खर्च लागत नाही. एक स्वतंत्र, कडी लागणारा संडास ज्या मुलास हवा त्यास वापरू द्यावा, यासही लागत नाही.

पाचवी सूचना माझ्या स्वतःसाठी व माझ्या व्यवसायबंधूंसाठी आहे, आणि ती सांगताना माझी मान खाली जाते. वर मी त्या शाळेवर पुष्कळ लिहिले. परंतु तो मुलगा माझ्याच वर्गात पाचवीत असताना मुलांनी त्यास एक घाणेरडे नाव ठेविले होते. मी ते ऐकले. मुलांस मी काही बोललो नाही. त्यालाच बाजूस घेऊन म्हणालो, "तू जरा नीट चालत जा." मला वाटले, मी त्याच्या भल्याचे सांगितले. आज कळते की, शहरातल्या शाळेने पुढे जो दाखला दिला, त्याचा पहिला मसुदा मी तयार केला होता. माझी शाळा कोणत्याही धर्मसंस्थेची नाही. ती संपूर्ण रयतेच्या पैशावर चालते. म्हणून माझा अपराध त्यांच्याहून मोठा आहे.

दर वर्षी चैत्रात आमच्या शेंद्र्याला मांगीरबाबाची यात्रा भरते. लांबलांबून गोरगरीब नवस घेऊन येतात. ओट्यावर डोके टेकणाऱ्यास कोणी विचारीत नाही की, तू कसा चालतोस, कसा बोलतोस. देवाच्या दारी जे विचारीत नाहीत, ते विद्येच्या दारी विचारावे, आणि तेही रयतेच्या पैशावर उभ्या असलेल्या दारी, हे आपल्यास शोभत नाही. त्या मुलाचा सतरा नंबरचा फॉर्म मीच भरून दिला आहे. त्याला गणित शिकवावयास मी रविवारी ढाब्यावर जातो. तो उत्तीर्ण होईल अशी माझी खात्री आहे. पण ज्या बाकावर बसून तो उत्तीर्ण व्हावयाचा, तो बाक त्याच्या बापाच्या पैशाचा होता, हे त्या संस्थेस आणि सरकारास विचारल्यावाचून आपण गप्प बसू नये.